शेकाला खाडा चालत नाही

वैद्यकीय भाषेत ज्याला किरणोपचार म्हणतात, त्याला आमच्या भागातील माणसे ‘शेक’ म्हणतात. कोणी ‘लाइट घेणे’ म्हणतो, पण जुन्या माणसांच्या तोंडी शेकच. शब्द घरगुती आहे आणि त्यामुळे रुग्णाची निम्मी भीती कमी होते, हे खरे. मात्र त्यातच एक घोटाळाही दडलेला आहे. कंबर शेकायची आज राहिली तर उद्या शेकता येते. गुडघ्याचा शेक पावसाळा संपल्यावर पुन्हा सुरू करता येतो. किरणोपचारांचे तसे नाही. हा फरक एरवी आम्हा डॉक्टरांच्या बोलण्यात एका वाक्यात येऊन जातो. २०२० च्या मार्च महिन्यात मात्र तो माझ्या काही रुग्णांच्या दारात येऊन उभा राहिला.

मी कर्करोगतज्ज्ञ नाही. तालुक्याच्या गावात गेली अठ्ठावीस वर्षे सर्वसाधारण व्यवसाय करणारा एम.बी.बी.एस. डॉक्टर आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत साठी ओलांडलेली मंडळी अधिक, आणि त्यांना घेऊन येणाऱ्या सुना-मुलगे. टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा माझ्या ओळखीतील चार रुग्णांचे किरणोपचार चालू होते. रुग्णालय शेजारच्या जिल्ह्यातील शहरात, आमच्यापासून पासष्ट किलोमीटरवर. सोमवारी, २३ मार्चला, जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या, एस.टी. थांबली. मंगळवारी रात्री देशभराची टाळेबंदी जाहीर झाली आणि बुधवारी गुढीपाडवा होता. त्या पाडव्याला सकाळपासून माझा दूरध्वनी वाजत होता आणि प्रश्न जवळजवळ एकच होता : “डॉक्टरसाहेब, हे सगळं निवळेपर्यंत शेक थांबवला तर चालेल ना?”

उत्तर देण्यासाठी आधी शेक म्हणजे काय ते समजून घ्यावे लागते. वाचकांपैकी ज्यांच्या घरात हा उपचार चालू असेल, त्यांनी हा भाग थोडा सावकाश वाचावा.

किरणे पेशीच्या गाभ्यातील डीएनएचे धागे तोडतात. निरोगी पेशी ही मोडतोड काही तासांत बऱ्याच अंशी दुरुस्त करते. कर्कपेशीला ती दुरुस्ती तितकीशी साधत नाही. या फरकावरच सगळा उपचार उभा आहे. म्हणून एकूण मात्रा एकदम न देता रोज थोडी थोडी, आठवड्यातून पाच दिवस, पाच ते सात आठवडे दिली जाते. परंतु कर्कपेशीही स्वस्थ बसत नाहीत. तोंड, घसा, गर्भाशयमुख येथील काही कर्करोगांत उपचार सुरू झाल्यावर साधारण चौथ्या आठवड्यापासून उरलेल्या पेशी पूर्वीपेक्षा अधिक वेगाने वाढू लागतात. आमच्याकडच्या शेतकऱ्याला मी हे खुरपणीच्या भाषेत सांगतो. अर्धे रान खुरपून तुम्ही पंधरा दिवस लग्नाला गेलात, तर परत आल्यावर उरलेले अर्धे रान खुरपून भागत नाही. आधीचेही पुन्हा तणाने भरलेले असते आणि या वेळचे तण अधिक चिवट असते. अशा कर्करोगांत उपचाराचा एकूण काळ ठरल्यापेक्षा एका दिवसाने लांबला, तर गाठ आटोक्यात राहण्याची शक्यता सुमारे एक टक्क्याने घटते, असा जगभरातील तज्ज्ञांचा हिशेब आहे. एका दिवसाचा एक टक्का किरकोळ वाटतो. एकवीस दिवसांच्या टाळेबंदीला त्याने गुणून पाहा.

शस्त्रक्रिया एकदाच करावयाची असते. ती काही दिवस पुढे ढकलता येते. केमोथेरपीची सलाईने बहुधा तीन आठवड्यांनी असतात, काही औषधे तर गोळ्यांच्या रूपात घरीच घेता येतात. किरणोपचारांत मात्र माणसाला रोज उठून यंत्रापर्यंत जावेच लागते. ते यंत्र जाड काँक्रीटच्या भिंतींच्या, खिडक्या नसलेल्या खोलीत बसवलेले असते. ते रुग्णाच्या गावी नेता येत नाही. घराबाहेर पडू नका असे सांगणाऱ्या काळात हा एकच उपचार असा होता, जो रोज घराबाहेर पडल्याशिवाय होतच नव्हता.

माझ्या चार रुग्णांपैकी एक होते गुरुजी. अडुसष्ट वर्षांचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. चाळीस वर्षे मुलांना तंबाखूचे दुष्परिणाम शिकवले आणि चाळीस वर्षे खिशात चुना-तंबाखूची डबी बाळगली. डाव्या गालाच्या आतील गाठ फेब्रुवारीत काढली होती. शस्त्रक्रियेनंतर तीस शेक ठरले, ११ मार्चपासून ते सुरू झाले. मंगळवार, २४ मार्चपर्यंत दहा झाले होते. पाडव्याची सुट्टी ठरलेलीच होती. वेळापत्रकाप्रमाणे शेवटचा शेक २२ एप्रिलला होता. काकूंनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत प्रत्येक दिवसावर हळदीचे बोट उमटवायचे, असा नेम ठेवला होता.

गुरुवार-शुक्रवार बोटे उमटली नाहीत. वाहन नव्हते, हे एक कारण. पण मोठे कारण वेगळे होते. गावकऱ्यांनी वेशीवर बाभळीच्या फांद्या टाकून रस्ता बंद केला होता. रोज शहरात जाऊन येणाऱ्या माणसाला गावात घेणार नाही, असे ठरले होते. गुरुजींनी ज्यांना पाढे शिकवले, तीच मुले आता मिशा फुटलेली, काठ्या घेऊन वेशीवर उभी होती. त्यांना मी दोष देत नाही. घराघरांत म्हातारी माणसे होती आणि रोगाविषयी कोणालाच फारसे ठाऊक नव्हते. भीती प्रामाणिक होती.

शुक्रवारी दुपारी रुग्णालयातील किरणोपचारतज्ज्ञ डॉक्टरबाईंशी माझे बोलणे झाले. त्या वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी यादीच समोर घेतली होती. “सर, आमचं यंत्र चालू आहे, चालूच राहणार. पण सगळ्यांना बोलवायचं नाही, असं ठरवलंय.” त्यांनी रुग्णांची जी विभागणी सांगितली, ती मला त्या धावपळीच्या दिवसांत फार शहाणपणाची वाटली. तोंड-घशाचे आणि गर्भाशयमुखाचे रुग्ण, ज्यांचे शेक सुरू झालेले आहेत, त्यांचा एकही दिवस चुकवायचा नाही. चुकलाच तर भरून काढायचा. प्रोस्टेटच्या ज्या रुग्णांना हार्मोनचे इंजेक्शन देऊन काही महिने थांबता येते, त्यांना थांबवायचे. हाडातील वेदनेसाठी दहा-दहा शेक देण्याऐवजी आठ ग्रेचा एकच शेक द्यायचा. बहुतेकांची वेदना त्याने तितकीच शमते, हे आधीपासून माहीत होतेच. आणि स्तनाच्या कर्करोगात पंचवीस फेऱ्यांऐवजी पंधरा.

माझ्या चारांतील एक ताई या शेवटच्या गटात होत्या. त्यांचे शेक अजून सुरू व्हायचे होते. पाच आठवड्यांचे वेळापत्रक तीन आठवड्यांवर आले. त्याच एप्रिलमध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले : स्तनाच्या प्रारंभीच्या कर्करोगात निवडक रुग्णांना पाच शेक एका आठवड्यात देऊन पाच वर्षांनंतरचे परिणाम पंधरा शेकांइतकेच होते. येथे एक स्पष्ट बोलतो. कमी फेऱ्यांचे हे वेळापत्रक वर्षानुवर्षे पुराव्यासह उपलब्ध होते, तरी जुन्या पंचवीसचा सराव सुटत नव्हता. खेड्यातील बाईला दहा फेऱ्या वाचणे म्हणजे दहा दिवसांची मजुरी, दहा दिवसांचे गाडीभाडे वाचणे होय. त्यासाठी महासाथ यावी लागली, याचे मला आजही नवल वाटते.

गुरुजींचा प्रश्न मात्र फेऱ्या कमी करून सुटणारा नव्हता. तीस म्हणजे तीस. शनिवारी मी वेशीवर गेलो. सरपंच आणि दक्षता समितीची चार माणसे समोर, मध्ये बाभळीच्या फांद्या, तोंडावर उपरणी. मी खुरपणीचाच दृष्टान्त दिला. एका तरुणाने विचारले, “गुरुजी वाचतील, पण गावाचं काय?” प्रश्न रास्त होता. कर्करोगाच्या रुग्णाला कोविड झाला तर तो अधिक गंभीर होण्याचा धोका असतो, हे मलाही ठाऊक होते. त्यामुळे गुरुजींना धोका नाही, असे खोटे मी बोललो नाही. दोन धोके समोरासमोर ठेवले. एक होऊ शकणारा, दुसरा शेक सोडला तर जवळजवळ ठरलेला.

तोडगा काकूंनी काढला. गावाबाहेर दीड किलोमीटरवर त्यांच्या शेतात पत्र्याची खोली होती. त्या म्हणाल्या, “आम्ही दोघं वस्तीवर राहतो. गावात पाऊल टाकणार नाही. किराणा बांधावर ठेवा.” वाहनाचा प्रश्न दूध संघाच्या टेम्पोने सोडवला. दूध ही अत्यावश्यक सेवा. टेम्पो रोज पहाटे साडेचारला निघून शहरात जात असे आणि अकरापर्यंत परत येत असे. पुढे चालक आणि त्याच्या शेजारी गुरुजी, खिडक्या उघड्या, दोघांच्याही तोंडावर मुखपट्टी. माझ्या पत्रावर रुग्णालयाच्या वेळापत्रकाची प्रत जोडली होती. जिल्ह्याच्या सीमेवरील नाक्यावर पहिल्या दिवशी वीस मिनिटे चौकशी झाली. नंतर तेथील हवालदार टेम्पो दिसताच हात हलवू लागले. डॉक्टरबाईंनी गुरुजींची वेळ दुपारी दोनवरून सकाळी पावणेआठवर आणली. टेम्पोच्या वेळेप्रमाणे यंत्राची वेळ बदलणारे रुग्णालय मी प्रथमच पाहिले.

३१ मार्चला अकरावा शेक झाला. मधले तीन दिवस बुडाले होते.

बुडालेले दिवस भरून काढण्याचे दोन मार्ग असतात. एकाच दिवशी दोन शेक द्यायचे, पण त्यांत निदान सहा तासांचे अंतर ठेवायचे, म्हणजे निरोगी पेशींना सावरायला अवधी मिळतो. किंवा सुट्टीच्या शनिवारी यंत्र चालवायचे. सहा तास थांबायला गुरुजींना शहरात जागा नव्हती; खानावळी, धर्मशाळा सारे बंद. म्हणून शनिवार ठरले : ४, ११ आणि १८ एप्रिल. त्या तीन शनिवारी अशा अकरा-बारा रुग्णांसाठी तंत्रज्ञ कामावर आले.

या तंत्रज्ञांविषयी फारसे लिहिले गेलेले नाही. महासाथीत आपण डॉक्टर आणि परिचारिकांसाठी थाळ्या वाजवल्या. बंद खोलीत रोज पन्नास-साठ रुग्णांना टेबलावर निजवून, मिलिमीटरच्या हिशेबाने सरळ करणारी ही माणसे बहुतेकांना माहीतही नव्हती. तोंड-घशाच्या रुग्णाच्या चेहऱ्यावर प्लास्टिकचा जाळीदार साचा बसवून तो टेबलाला पक्का करतात, डोके हलू नये म्हणून. तो साचा घालताना मुखपट्टी काढावीच लागते. म्हणजे रुग्ण उघड्या तोंडाने, बऱ्याचदा खोकत, आणि तंत्रज्ञ त्याच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर. दूर राहून करता येईल असे ते काम नाही. या रुग्णालयाने तंत्रज्ञांचे दोन गट केले होते, एक आठवडा एक, दुसरा आठवडा दुसरा. एका गटात बाधा शिरली तरी यंत्र बंद पडू नये म्हणून. दोन गटांची एकमेकांशी भेटही होऊ देत नसत. दोन रुग्णांच्या मध्ये टेबल पुसण्यासाठी वेळ राखलेला, प्रत्येकाचा साचा नाव लिहिलेल्या वेगळ्या पिशवीत, दारात ताप मोजणे, बरोबर एकच माणूस. बाधित निघालेल्या रुग्णाचा शेक चालू ठेवायचाच झाला, तर तो दिवसाच्या अगदी शेवटी, सगळे गेल्यावर. गुरुजींच्या गटातील एका तरुण तंत्रज्ञाला घरमालकाने खोली सोडायला सांगितली होती. तो तीन आठवडे रुग्णालयाच्या वाचनालयात झोपला. हे त्याने कोणाला सांगितले नाही. गुरुजींनी शिक्षकी सवयीने विचारून काढले.

माझे काम दूरध्वनीवरचे. दर सोमवारी रक्ततपासणीचा नमुना वस्तीवर जाऊन मी स्वतः घेत असे. बाकी रोजचा प्रश्न अन्नाचा. वीस शेकांनंतर तोंड आतून सोलवटते, गिळताना डोळ्यांत पाणी येते आणि माणूस जेवण टाळू लागतो. काळजी घेणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : या काळात वजन घटणे हा केवळ अशक्तपणाचा प्रश्न नसतो. चेहरा बारीक झाला की साचा सैल होतो, आणि साचा सैल झाला की किरणे नेमकी जागा चुकण्याची भीती. मग नवा साचा, नवे नियोजन, पुन्हा एक-दोन दिवसांचा खाडा. काकूंनी नाचणीची आंबील, तूप घातलेले डाळीचे घट्ट पाणी, दुधात कुस्करलेली केळी असे दर दोन तासांनी दिले. जेवणाआधी अर्धा तास तोंड बधिर करणारे औषध, दिवसातून सहा वेळा मीठ-सोड्याच्या कोमट पाण्याच्या गुळण्या. तिखट बंद, तंबाखूची डबी काकूंनी विहिरीत टाकली. सहा आठवड्यांत गुरुजींचे वजन तीन किलोच उतरले आणि साचा शेवटपर्यंत तोच चालला.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एका रात्री त्यांना ताप आला. एरवी मी एक गोळी सुचवून सकाळपर्यंत थांबलो असतो. त्या दिवसांत ताप या शब्दाला वेगळाच अर्थ होता. डॉक्टरबाईंनी रात्री साडेदहाला सांगितले, “उद्या नेहमीच्या वेळेला नको, शेवटी आणा. नमुना घेऊ, पण शेक चुकवू नका.” दूधटेम्पोचा चालक त्या दिवशी दुपारी पुन्हा शहरात गेला, डिझेलचे पैसे न घेता. तपासणी नकारात्मक आली. ताप तोंडातील जंतुसंसर्गाचा होता.

२२ एप्रिलला तिसावा शेक झाला. ठरल्या दिवशी.

चारांपैकी तिघांचे उपचार असे पूर्ण झाले. चौथे माझे नेहमीचे रुग्ण नव्हते. शेजारच्या गावचे, स्वरयंत्राच्या कर्करोगाचे. चौदा शेक झाले होते. मी तीनदा त्यांच्या मुलांशी बोललो, रुग्णालयातूनही दूरध्वनी गेले. मुले म्हणाली, आधी या कोरोनातून वाचू, मग बघू. ऑगस्टच्या अखेरीस, आंतरजिल्हा एस.टी. सुरू झाल्यावर, ते रुग्णालयात गेले. पंधराव्या शेकापासून पुढे मोजता येईल अशी त्यांची समजूत होती. तसे मोजता येत नाही. गाठ पूर्वीपेक्षा मोठी झाली होती, श्वासासाठी गळ्याला छिद्र करावे लागले. पुढच्या फेब्रुवारीत ते गेले. खंड पडला नसता तर ते वाचलेच असते, असे मी म्हणणार नाही. तशी खात्री या रोगात कोणालाच देता येत नाही. पण त्यांची संधी त्या पाच महिन्यांत गेली.

पुढे २०२१ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त नॅशनल कॅन्सर ग्रिडमधील ४१ केंद्रांची आकडेवारी प्रसिद्ध झाली. मार्च ते मे २०२० या तीन महिन्यांची तुलना आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी केलेली होती. मोठ्या शस्त्रक्रिया ४९ टक्क्यांनी घटल्या होत्या. किरणोपचार घेणारे रुग्ण ५१,१४२ वरून ३९,३६५ वर आले, म्हणजे घट २३ टक्के. जो उपचार टिकवणे सर्वांत अवघड, त्याचीच घट तुलनेने कमी होती. त्या आकड्यामागे किती शनिवार, किती दूधटेम्पो आणि किती पत्र्याच्या खोल्या असतील, याचा मी अंदाज करू शकतो. पण त्याच तक्त्यात आणखी एक ओळ होती : नव्या रुग्णांची नोंदणी १,१२,२७० वरून ५१,७६० वर, ५४ टक्क्यांची घट. रोग काही निम्मा झालेला नव्हता. ती माणसे घरीच होती. त्यांतील काही पुढच्या वर्षभरात माझ्या दवाखान्यात आली. “साधा छाला आहे, साथ संपल्यावर दाखवू म्हटलं,” असे म्हणत त्यांनी तोंड उघडले, तेव्हा बोटभरही उघडत नव्हते.

गुरुजी आता त्र्याहत्तरी ओलांडून गेले आहेत. लाळ कमी सुटते, म्हणून भाकरी दुधात भिजवून खातात, खिशात पाण्याची छोटी बाटली असते. तपासणीला वर्षातून एकदा शहरात जातात, आता एस.टी.ने.

टाळेबंदी संपली तरी खाड्याची कारणे संपलेली नाहीत. ओढ्याला पूर येतो, सोयाबीनची काढणी निघते, गाडीभाड्याचे पैसे संपतात, वारी येते. घरात शेक चालू असेल आणि असे काही समोर आले, तर न जाण्याचा निर्णय घरात घेऊ नका. आधी त्या विभागात दूरध्वनी करा. वेळ बदलून मिळते, शनिवार मिळू शकतो, कधी राहण्याची सोयही होते. मात्र आधी सांगितले तर. “काही कारणाने दिवस चुकला तर तो कसा भरून काढाल?” हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारून ठेवावा आणि विभागाचा क्रमांक दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा.

मागच्याच महिन्यात एक मुलगा आला होता. आईच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे अठरा शेक झालेले, आणि धाकट्या बहिणीचे लग्न पुढच्या बुधवारी. आधी हळद, नंतर पूजा, पाठवणी. चार दिवस शेक बंद ठेवला तर चालेल का, असे विचारत होता. मी त्याला खुरपणीचे सांगितले आणि लग्न शनिवारी धरायला सुचवले. शनिवारी, रविवारी यंत्र बंद असते. मुलगा दारातच थांबून भटजींशी बोलला. शनिवारी सकाळी अकरा चाळीसचा मुहूर्त निघाला. हळद शुक्रवारी संध्याकाळी ठेवली, आई शेक घेऊन परत आल्यावर.